निळ्या आणि चॉकलेटी अंड्यांच्या जातिवंत कोंबड्या : कुठली जात घ्यावी, कोंबडा कसा निवडावा?

परसातली

नमस्कार मंडळी. कोंबड्या पाळायचा अनुभव आहे, पण आजवर सगळ्या सरमिसळ जातीच्या आणि पांढऱ्या अंड्यांच्या. आता जातिवंत पक्षी आणून त्यांची शुद्ध पैदास करायची आहे. निळ्या अंड्यांची एक जात आणि मॅरन्ससारखी गडद चॉकलेटी अंडी देणारी एक, असं मनात आहे. दोन स्वतंत्र खुराडी करता येतील, त्याहून जास्त जागा नाही.

अरौकाना, अमेरौकाना आणि क्रीम लेगबार यांतली कुठली जात घ्यावी? विकणारे तिन्ही नावं एकाच पक्ष्याला लावताना दिसतात. दुसरं म्हणजे, कोंबडा निळ्या अंड्यांच्या वाणाचा आहे हे ओळखायचं कसं? तो काही अंडी देत नाही. आणि मॅरन्सची अंडी मशीनमध्ये नीट उबत नाहीत असं ऐकलं आहे, ते कितपत खरं?

जमेल तितकं सविस्तर लिहा, प्लीज. घाई नाही, पण सुरुवात नीट व्हावी असं वाटतं.

तुरेवाला

ताई, आधी नावांचा घोळ सोडवू, कारण बहुतेक लोक इथेच फसतात.

मूळ पक्षी चिलीचे, तिथल्या मापुचे आदिवासींनी पाळलेले. 1921 साली हेग इथे पहिली जागतिक कुक्कुट परिषद भरली, तिथे साल्वादोर कास्तेयो या स्पॅनिश तज्ज्ञाने ते मांडले आणि मग जगभर त्यांची चर्चा सुरू झाली. पुढे वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी निवड होत गेली. अमेरिकन प्रमाणातल्या (प्रमाण म्हणजे जात कशी दिसावी याचं ठरलेलं वर्णन) अरौकानाला शेपूटच नसतं आणि कानाशी पिसांचे झुबके असतात. ब्रिटिश प्रमाणातल्या अरौकानाला शेपूट असतं, दाढी आणि गालावर भरघोस पिसं असतात. अमेरौकाना ही अमेरिकेत तयार केलेली जात, 1984 मध्ये तिथल्या प्रमाणग्रंथात आली. शेपूट आहे, दाढी-गालपिसं आहेत, तुरा वाटाण्याचा म्हणजे बसका, तीन ओळींचा आणि पाय पाटीच्या रंगाचे.

क्रीम लेगबार वेगळीच. केंब्रिजमध्ये पनेट आणि पीज या जनुकशास्त्रज्ञांनी 1930च्या दशकात सुरू केलेल्या कामातून ती आली. उभा एकेरी तुरा, त्यामागे पिसांची शेंडी.

आणि चौथं नाव ईस्टर एगर. ही जात नव्हेच. निळ्या अंड्याचं जनुक कुठूनतरी आलेला कुठलाही संकर या नावाखाली विकला जातो. दाढी आहे, पण पाय पिवळे किंवा हिरवट आहेत असा ‘अमेरौकाना’ कुणी दाखवला तर तो बहुधा हाच.

तुमच्यासाठी माझं मत क्रीम लेगबार किंवा अमेरौकाना. अमेरिकन पद्धतीचा अरौकाना पहिल्या पैदासीला घेऊ नका. कानाच्या झुबक्यांचं जनुक दुहेरी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलं की पिल्लू अंड्यातच मरतं. दोन्ही पालक झुबकेवाले असतील तर साधारण चौथा हिस्सा असाच जातो, तोही बराचसा उबवणीच्या शेवटच्या दिवसांत. झुबकेवाला आणि बिनझुबक्याचा अशी जोडी लावली की हे टळतं, पण शेपूट नसल्यामुळे फलधारणेच्या अडचणी तरीही राहतात.

खुराडेकर

मी जरा वेगळं सांगतो. रंगीत अंडीच हवी असतील तर ईस्टर एगर घ्या की. कोंबड्या काटक, अंडी भरपूर, टोपलीत निळी, हिरवी, गुलाबीसर सगळी दिसतात. जातिवंताचा एवढा खटाटोप कशाला?

तुरेवाला

@खुराडेकर, खायच्या अंड्यांपुरतं तुमचं बरोबर आहे. पण ताईंना पैदास करायची आहे. ईस्टर एगरच्या पिल्लांतून काय निघेल हे कुणी सांगू शकत नाही. निळ्या अंड्याच्या कोंबडीची मुलगी पांढरं किंवा तपकिरी अंडं देऊ शकते. पिढ्यान् पिढ्या एकसारखं उतरणं हीच जातिवंताची किंमत आणि ती राखणारी माणसं कमी होत चालली आहेत. कुणी मनापासून त्यात उतरत असेल तर त्याला तिथेच मदत करावी असं मला वाटतं.

रानचिमणी

लेगबारला माझं मत. एका दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखता येतात, हा सगळ्यात मोठा फायदा. मादीच्या पाठीवर डोक्यापासून ढुंगणापर्यंत गडद तपकिरी पट्टा असतो, कडा अगदी रेखीव. नराची लव फिकट असते, पट्टा पुसट, आणि डोक्यावर पिवळट ठिपका. पट्टेरी पिसांचं जनुक लिंगाशी जोडलेलं आहे, नरात ते दुहेरी येतं म्हणून तो फिका दिसतो. जागा मर्यादित असलेल्याला जास्तीचे नर पहिल्याच दिवशी वेगळे करता येणं फार सोयीचं पडतं.

उबवण

कोंबड्याच्या प्रश्नावर लिहितो, माझ्या मते धाग्यातला हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

निळा रंग आणि तपकिरी रंग या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. निळा रंग बिलिव्हर्डिनचा, तो कवच तयार होत असतानाच त्यात मुरत जातो, म्हणून आरपार असतो. तपकिरी रंग प्रोटोपोर्फिरिनचा, तो मुख्यतः शेवटच्या काही तासांत वरून चढतो. हिरवं किंवा ऑलिव्ह अंडं म्हणजे निळ्या कवचावर तपकिरी थर. खात्री करायची तर फोडलेल्या अंड्याच्या आतलं पातळ पापुद्र्याचं अस्तर सोलून कवच उजेडात बघा. आतून निळसर दिसलं तर निळ्याचं जनुक आहे, पांढरं दिसलं तर नाही. मॅरन्सचं ताजं, ओलसर अंडं नखाने हलकं खरवडलं तर रंग निघून येतो, निळ्याच्या बाबतीत तसं होणार नाही.

निळ्याचं जनुक एकच आहे आणि ते प्रभावी आहे, हे पनेट यांनी 1933 मध्ये दाखवलं. 2013 मध्ये त्याचं मूळही सापडलं : फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकसंचात शिरून बसला, त्यामुळे यकृताशी संबंधित एक जनुक अंडनलिकेत चालू झालं. म्हणजे दिव्याच्या खटक्यासारखं, आहे किंवा नाही. पण जनुकाची एक प्रत असली (एकाच पालकाकडून आलेली) तरी अंडं निळं आणि दोन असल्या तरी निळंच (दोन असतील तर सहसा जरा जास्त गडद). त्यामुळे वरवर शुद्ध दिसणाऱ्या कळपातही एक प्रतवाला कोंबडा लपून राहतो आणि दोन पिढ्यांनी पांढरी अंडी बाहेर येतात.

आता ताई, तुमच्याकडे पांढऱ्या अंड्यांच्या कोंबड्या आहेत ना? त्या काढू नका. नव्या कोंबड्याची परीक्षा त्यांच्यावरच घ्या. त्यांच्यापासून त्याच्या मुली वाढवा आणि त्या अंड्यावर येईपर्यंत थांबा. एकीनं जरी पांढरं अंडं दिलं, तरी कोंबडा दोन प्रतवाला नाही हे नक्की. आठ मुलींनी निळसर अंडी दिली, तर तो दोन प्रतवाला मानायला हरकत नाही, कारण एक प्रतवाल्याकडून तसं घडण्याची शक्यता 256 मध्ये 1 उरते. या परीक्षेच्या पिल्लांना शुद्ध कळपात मिसळायचं नाही, एवढं पाळा. ज्यांना वर्ष थांबणं शक्य नाही त्यांच्यासाठी पिसावरून किंवा रक्तावरून डीएनए तपासणीही होते.

परसातली

उबवण दादा, किती सोपं करून सांगितलंत! पांढरीवाल्या काढून टाकायच्याच विचारात होते, आता ठेवते. एक शंका : वाटाणा तुरा असला की निळं जनुक असतंच, असं एका ठिकाणी वाचलं. त्यावरून कोंबडा निवडता येईल का?

उबवण

अर्धं खरं आहे. दोन्ही जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ बसलेली आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा जोडीनं उतरतात. अमेरौकाना आणि मॅरन्सचा संकर करून तो परत मॅरन्सवर चढवला, तर बसक्या तुऱ्याची पिल्लं बहुतेक निळं जनुक घेऊन आलेली असतात. तिथे ही खूण कामाची. पण शुद्ध अमेरौकानात सगळ्यांचाच तुरा बसका, मग त्यावरून कळणार काय? आणि लेगबारमध्ये तुरा एकेरी असून अंडं निळं, कारण तिथे ही जोडी तुटलेली आहे. कानाच्या पाळीच्या रंगावरून अंड्याचा रंग सांगणाऱ्यांकडेही दुर्लक्ष करा. कॅटलोनियाच्या पेनेदेसेंका कोंबडीची पाळी पांढरी असते आणि अंडं गडद तपकिरी.

रानचिमणी

आणखी एक गोंधळ आत्ताच सांगून ठेवते. ‘ब्लू’ अमेरौकाना किंवा ‘ब्लू’ मॅरन्स यातला ब्लू हा पिसांचा रंग आहे, अंड्याचा नव्हे. निळसर राखाडी पिसांची जोडी लावली की साधारण अर्धी पिल्लं निळी, पाव काळी आणि पाव ठिपकेदार फिकी निघतात. पक्ष्यांत काही खोट नाही, त्या रंगाचं तसंच आहे.

तांबडी माती

मॅरन्सबद्दल मी लिहिते, वर्षानुवर्षं हीच जात ठेवली आहे.

वर उबवण यांनी सांगितलेला नियम इथे चालत नाही. गडद तपकिरी रंग एका जनुकाचा नाही, पुष्कळ जनुकांची ती बेरीज आहे. म्हणून तो आपोआप टिकत नाही, दर पिढीला निवड करावी लागते. एक पिढी डोळेझाक केली की अंडी फिकी पडायला लागतात. अंड्याचा रंग 1 ते 9 अशा पट्टीवर मोजतात, आणि फ्रेंच क्लबच्या मते 4च्या खालचं अंडं मॅरन्सचं धरत नाहीत.

निवड करताना दोन गोष्टींनी फसगत होते. तलंगेची, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबडीची, पहिली अंडी नेहमी सुंदर गडद असतात. सलग अंडी देत गेली की रंग उतरत जातो, आणि पिसं झडून विश्रांती झाली की पुन्हा चढतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यातलं अंडं बघून कोंबडी निवडू नका. हंगामाच्या मधोमध, अंड्याचं वजन स्थिर झाल्यावर जे अंडं येतं ते तिचं खरं. दुसरं म्हणजे कुठलं अंडं कुणाचं हे माहीत हवं. पायात नंबरचं कडं घाला, आणि कोंबडी आत गेली की दार पडेल असं एखादं खोकं ठेवा. दार पडलं की तासाभरात जाऊन तिला सोडायचं आणि अंड्यावर पेन्सिलीनं नंबर घालायचा. काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

कोंबडा नेहमी सगळ्यात गडद अंड्यातून निघालेला ठेवा, आणि त्याच्या सख्ख्या बहिणी कशी अंडी देतात ते बघा. निम्मी बेरीज त्याच्याकडून येणार असते.

अचानक रंग उडाला तर आधी तब्येत बघा. ताण, कडक ऊन आणि संसर्गजन्य ब्राँकायटिससारख्या आजारातही कवच फिकं पडतं. खाद्य बदलून कवचाचा रंग गडद होत नाही. खाद्याने बदलतो तो बलकाचा रंग.

उबवण

मॅरन्सच्या उबवणीबद्दल. अंडी उबत नाहीत असं नाही. अडचण अशी की कवच इतकं गडद असतं की टॉर्च लावूनही आत नीट दिसत नाही, हवेची पोकळी केवढी झाली ते कळत नाही, आणि मग माणूस अंदाजाने पाणी ओतत राहतो. त्यावर उपाय वजनकाटा. मशीनमध्ये ठेवताना प्रत्येक अंड्याचं वजन लिहा. 18 व्या दिवसापर्यंत 11 ते 13 टक्के वजन घटायला हवं, म्हणजे 65 ग्रॅमचं अंडं 57 च्या आसपास. कमी घटत असेल तर आर्द्रता खाली आणा, जास्त घटत असेल तर वर न्या. पंख्याच्या मशीनमध्ये 37.5 अंश सेल्सिअस ठेवा, सुरुवातीची आर्द्रता 45 टक्क्यांच्या आगेमागे. 18 व्या दिवशी अंडी फिरवणं बंद करा आणि आर्द्रता 65 ते 70 वर न्या.

अंडी लांबून मागवली असतील तर आल्या आल्या मशीनमध्ये टाकू नका. टोकाची बाजू खाली करून एक दिवस स्थिर ठेवा, प्रवासात आतली हवेची पोकळी हललेली असते. घरची अंडी साठवायची तर 13 ते 16 अंशांवर, आणि शक्यतो आठवड्याच्या आत लावा. उबवायची अंडी धुऊ नका. वरचा नैसर्गिक लेप जातो, जंतू आत शिरतात. घाण अंडं बाजूला काढा आणि खुराड्यातला भुसा बदला.

तांबडी माती

खुडूक कोंबडी मिळाली तर पहिली खेप तिच्याखाली बसवा असं मी सुचवेन. तिला काटा लागत नाही, आर्द्रता लागत नाही. पिल्लं वाढवायचं कामही तीच करते.

परसातली

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रीम लेगबार आणि कॉपर ब्लॅक मॅरन्स असं ठरवते आहे. एक शेवटचं : दिवसा दोन्ही जाती एकत्र मोकळ्या सोडल्या तर चालेल का? पैदासीच्या वेळी वेगळ्या करीन.

तुरेवाला

चालेल, पण हिशोब नीट ठेवा. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. त्यामुळे वेगळं केल्यापासून तीन आठवड्यांच्या आतली अंडी शुद्ध म्हणून उबवायची नाहीत, ती खायला घ्या. आठ ते दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. प्रत्येक जातीचा एक जादा कोंबडा मात्र राखा. एकुलत्या एकाला काही झालं तर सगळं वर्ष जातं.

पुढच्या पिढीत भाऊ-बहीण जोडी टाळायला एक सोपी पद्धत आहे. कोंबड्यांचे तीन गट करा, पायातल्या कड्याचा रंग वेगळा. मुली कायम आईच्या गटात राहतील, मुलगे दर वर्षी शेजारच्या गटात जातील, लाल ते पिवळा, पिवळा ते हिरवा, हिरवा ते लाल. खुराडं एकच असलं तरी पैदासीच्या काळात आळीपाळीने एकेक गट आत ठेवून हे जमतं, फक्त दोन गटांमध्ये तेच तीन आठवडे सोडायचे. आणि सुरुवातीचे पक्षी शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणा, ते सख्खे-चुलत नाहीत ना हे विचारून.