चर्चमध्ये इतिहासाचे वर्ग कशाला?

पाटील_सडेतोड: फ्लोरिडातली चर्चेस कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवायला लागली म्हणून इथे कौतुकाचा पूर आलाय. इतिहास, मतदान, पोलिसांची दंडेली हे शाळेचे विषय. धर्माच्या जागी शिकवाल तर त्याची पोथी होणार. उद्या आपल्याकडे मठात नागरिकशास्त्र शिकवलं तर चालेल?

शुभा_अटलांटा: पाटील, हे वाचून गप्प बसवेना. शाळेचं काम शाळेने करावं, कबूल. पण शाळेनेच दार लावलं तर? जानेवारी 2023 मध्ये फ्लोरिडाने आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा एपी कोर्स, म्हणजे हायस्कुलातच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स, नाकारला. जुलैत इतिहासाचे नवे निकष आले. गुलामांनी शिकलेली कौशल्यं काही वेळा त्यांच्याच फायद्याची ठरली, असं मुलांना शिकवायचं! मग पोरांनी जायचं कुठे? 1964 मध्ये मिसिसिपीत फ्रीडम स्कूल्स, म्हणजे कृष्णवर्णीय पोरांसाठी उन्हाळी मोफत शाळा भरल्या, त्यांतली कितीतरी चर्चमध्ये. नेशोबा काउंटीतल्या माउंट झायन चर्चने जागा द्यायचं कबूल केलं, तर क्लॅनवाल्यांनी, म्हणजे कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या टोळीने, ते जाळलं. जळालेलं चर्च बघायला गेलेल्या नागरी हक्क चळवळीतल्या तीन कार्यकर्त्यांचे खून झाले. आणि मठाचं म्हणाल तर, गाडगेबाबा कीर्तनात कर्ज काढू नका, पोरं शिकवा सांगायचे. ती पोथी होती?

पाटील_सडेतोड: गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या, देऊळ नाही. आणि फ्रीडम स्कूल्स चालवली कोणी? विद्यार्थी कार्यकर्त्यांनी. चर्चची फक्त जागा. 1957 मध्ये साउथ कॅरोलिनातल्या जॉन्स आयलंडवर कृष्णवर्णीयांना मतदानासाठी लिहा-वाचायला शिकवणारा पहिला वर्ग भरला, तो सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत. सेप्टिमा क्लार्क या शिक्षिका त्यामागे होत्या. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या, पाद्र्यांनी चालवलेल्या संघटनेत त्यांना बायकांचं ऐकून घेणारे पुरुष भेटले नाहीत, हे त्यांनीच सांगून ठेवलंय.

नर्सबाई_बाल्टिमोर: बायकांचा विषय निघालाच आहे तर बोलते. सामाजिक शिक्षण म्हणे! माझ्या वॉर्डातल्या सहकारी बाईचा भाऊ एड्सने गेला. अंत्यविधीत पाद्र्याने आजाराचं नाव घेतलं नाही, 'दीर्घ आजार' म्हणाला. आई पहिल्या बाकावर मान खाली घालून बसलेली. अमेरिकेत एचआयव्हीच्या नव्या रुग्णांत एक तृतीयांशाहून जास्त कृष्णवर्णीय आहेत, लोकसंख्येत ते साधारण तेरा टक्के. गुलामीवर तासभर बोलता, मग यावर का नाही?

शुभा_अटलांटा: ताई, एका पाद्र्यावरून सगळ्यांना झोडपू नका. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत पर्नेसा सील यांनी एड्ससाठी प्रार्थना-सप्ताह सुरू केला, तो चर्चेसना सोबत घेऊनच.

नर्सबाई_बाल्टिमोर: सील हॉस्पिटलात काम करणाऱ्या, पाद्री नव्हेत. बाहेरून कोणीतरी ढकलावं लागलं, हेच तर म्हणतेय. आणि ज्या चर्चमध्ये बाईला आजही व्यासपीठावर उभं राहू देत नाहीत, तिथे मुलींना हक्क कोण शिकवणार?

सातारकर: विषय फ्लोरिडाचा होता.

नर्सबाई_बाल्टिमोर: मेलेल्या माणसाचा आजारही विषयच आहे. सोयीचं तेवढंच शिकवायचं असेल तर फ्लोरिडा सरकारला तरी नावं का ठेवायची?

पाटील_सडेतोड: बरं, शाळेत इतिहास कापला जातोय तोवर चर्चने शिकवावं, एवढं मान्य. जड मनाने. पण शाळा मंडळ मत देऊन हटवता येतं. पाद्र्याला पोरं कशी हटवणार?

शुभा_अटलांटा: मत द्यायला यादीत नाव लागतं, पाटील. नावनोंदणीची टेबलं रविवारी कुठे लागतात, ते इथे येऊन बघा.

नर्सबाई_बाल्टिमोर: टेबलं लावा. त्यांवर एचआयव्ही तपासणीची पत्रकंही ठेवा. बाईला व्यासपीठ का नाही, यावर तुम्ही अजून एक अक्षर लिहिलेलं नाही, शुभाताई.