मगरीची ग्वाही चालणार नाही
सांडपाण्याचा बीओडी आणि सीओडी (त्यातील घाण जंतूंकरवी किंवा रसायनांनी विघटित होण्यास किती ऑक्सिजन लागतो, याची मापे) मर्यादेत असला की विषारीपणाची वेगळी चाचणी लागत नाही, असा एक दावा केला जातो. शिवाय बडोद्याच्या विश्वामित्री नदीत मगरी जगतात, त्याअर्थी तिचे पाणी विषारी नसावे, असाही युक्तिवाद होतो. मगर नाक पाण्याबाहेर काढून फुप्फुसांनी श्वास घेते, त्यामुळे पाण्यात विरघळलेल्या विषाबद्दल तिची ग्वाही चालणार नाही. त्यासाठी कल्ल्यांनी श्वास घेणारा मासाच हवा. पहिले विधान तर नियमालाच धरून नाही. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांत बीओडीच्या जोडीला जैवचाचणीही आहे: अजिबात पातळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत असले पाहिजेत. म्हणजे दहा माशांपैकी फार तर एक दगावलेला चालतो.

बडोद्यातील एका प्रयोगशाळेत या चाचण्या करताना, निपचित पडलेल्या झेब्राफिश या चाचणीतल्या छोट्या माशाच्या शेपटीला काचकांडी लावून तो खरोखर मेला आहे का, हे मी अनेकदा तपासले आहे. तेथे लक्षात आलेली मेख अशी की, अमोनिया असलेल्या नमुन्यात हवा सोडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच (आम्लता-अल्कतेचे माप) चढतो. तो ७ वरून ८ वर गेला, तर २५ अंश सेल्सिअसला माशांना मारक असलेला मुक्त अमोनिया सुमारे साडेनऊपट होतो. म्हणून अहवाल हाती आल्यावर केवळ ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ हा शेरा न वाचता चाचणीच्या आरंभीचा व अखेरचा पीएच नोंदवला आहे का, हे आधी पाहावे.