करोनानंतर कोकणातल्या गावात टिकलेल्या सोयी : अनुभव लिहा

धागाकर्ता
मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि चाकरमानी लॅपटॉप काखोटीला मारून गावी आले, तेव्हा 'आता मुंबई रिकामी होणार' अशी भाकितं भरपूर झाली. मुंबई काही रिकामी झाली नाही. पण शिमग्याला आलेला माणूस पालखी परतल्यावरही महिनाभर इथूनच काम करतो, आंबा वाशीच्या घाऊक बाजारात न जाता थेट ठाण्यातल्या सोसायटीत उतरतो, मासळीची मागणी व्हॉट्सॲपवर येते, एवढं मात्र राहिलं. यातलं पुढे काय वाढेल ते व्यवस्था कशी बसते यावर ठरेल. आठवणी आणि गहिवर नकोत. काय चालतं, कुठे फसतं आणि का, तेवढं लिहा.

कातळसडा (राजापूर)
घरून काम करायला नेटचा वेग लागतो हा गैरसमज. व्हिडिओ मीटिंगला ४-५ एमबीपीएस पुरतात. लागतं ते सातत्य. आणि सातत्य तुटतं ते बहुतेक वेळा घरापासून शंभर पावलांच्या आत.

फायबरची तार आंब्याफणसाच्या फांदीवरून आणू नका. वाऱ्याने फांदी हलते, वांदर लोंबकळतात, आतली काच तुटते आणि बाहेरून तार धडधाकट दिसते. खांबावरून आणा आणि घराजवळ दोन-तीन मीटर जादा तारेचं वेटोळं ठेवा. तुटली तर तेवढ्यातून जोड देता येतो, नाहीतर माणूस नवी तार येईपर्यंत थांबवतो. कोपऱ्यावर तार मुडपून खिळा ठोकू नये. वळण निदान वाटीच्या तोंडाएवढं हवं. मोडेमवर 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. तेव्हा बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका, तक्रार नोंदवा.

दुसरी अडचण चिऱ्याची. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा वायफाय जवळपास मरतो. २.४ चा पडवीपर्यंत रडतखडत येतो. माजघरातून पडवीत लॅनची वायर ओढावी, टोकाला जुना राउटर लावावा आणि त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपला नेटवरचे पत्ते वाटणारं सेटिंग) बंद करावं. ते चालू राहिलं की दोन्ही राउटर पत्ते वाटत बसतात आणि नेट अधूनमधून गायब होतं. कारण मात्र सापडत नाही.

पागोळी (गुहागर)
विजेचं मी लिहितो, कारण वरचं सगळं विजेवर अडतं. दुकानदार 'आठ-दहा तास चालेल' म्हणतो, त्याचं गणित असं: १५० अँपिअर-अवर, १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. ती निम्म्याखाली उतरवू नये, नाहीतर आयुष्य घटतं. राहिले ९००. त्यातले २० टक्के इन्व्हर्टरच खातो. हातात ७२०. लॅपटॉप ६० वॅट, मोडेम-राउटर १२, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३०, असे साधारण १०० वॅट धरले तर सात तास. साधा पंखा ७५ वॅटचा, तो लावलात की पाच तासांच्या आत. फ्रीज त्यावर घालूच नये.

फक्त नेट जगवायचं असेल तर १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस स्वस्तात काम करतो. घेण्याआधी मोडेमच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. तो मोडेम ९ व्होल्टचा असेल तर १२ चा जोडून जळेल.

खाऱ्या हवेत बॅटरीच्या खुंटांवर हिरवट-पांढरी बुरशी धरते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने काढा, पुसून कोरडं करा, व्हॅसलिन लावा. आत पाणी डिस्टिल्डच. विहिरीचं तर नाहीच, फिल्टरचंही नाही.

आणि मोबाइल हॉटस्पॉटवर फार विसंबू नका. लाइट गेली की टॉवरही बॅटरीवर जातो आणि काही तासांनी तोही झोपतो. जून २०२० च्या निसर्ग वादळात वीज आणि टॉवर एकदमच गेले होते. वीज कडाडायला लागली की चार्जरसकट सगळे प्लग ओढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

रायवळ (देवगड)
आंब्याची थेट विक्री. मे २०२० मध्ये एसटीनेही मालवाहतूक सुरू केली, आता खासगी टेम्पो आणि पार्सलवाले भरपूर आहेत. वाहतुकीची अडचण संपलीय, तक्रारी येतात त्या तोडणी आणि भरणीतून.

फळ देठासकट, झेल्यानेच (जाळी लावलेल्या काठीने) उतरवायचं. देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि पिकताना तिथे काळा डाग पडतो. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर तोडा. तोडलेलं फळ तापल्या कातळावर ठेवू नका, त्या उष्णतेने साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) वाढतो असं मानतात, आणि क्रेटच्या तळाशी पेंढा अंथरायला कोणी मरत नाही. तयार आहे का ते पाण्यात पाहा: बुडतो तो तयार, तरंगतो तो कोवळा. पण पाण्यातून काढल्यावर पूर्ण सुकवल्याशिवाय भरू नये. ओल्या फळाला देठाकडून कुज लागते.

२५० ग्रॅमचं फळ धरलं तर डझनाचं वजन ३ किलो. भोकं असलेला पाच पदरी पुठ्ठ्याचा खोका, फार तर दोन थर, मध्ये पेंढा किंवा कागदी कात्रण. लाकडी पेटीच्या हट्टाने घरपोच पार्सलात वजनाचेच पैसे वाढतात. माल कडक कच्चाच पाठवा, आणि गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर लिहून द्या: कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवू नये. १२-१३ अंशांखाली तो पिकायचाच विसरतो, साल करपते, चव फिकी पडते. पेंढ्यात एकेरी मांडा, रोज एकदा उघडून पिकलेले बाजूला काढा.

साका बाहेरून दिसत नाही, म्हणून 'एकही खराब निघणार नाही' हे वाक्य विकताना तोंडातून काढू नका. कापलेल्या फळाचा फोटो आला की बदली देऊ, एवढं आधीच ठरवा.

खाजणकाठ (हर्णै)
मासळी घरपोच देणाऱ्यांचं पहिलं गणित बर्फाचं. उन्हाळ्यात किलोला किलो, तोही फोडलेला. मोठ्या खड्याभोवती हवा राहते आणि मासा थंड व्हायला वेळ लागतो. खाली बर्फ, मग मासा, वर बर्फ. वितळलेलं पाणी साचू देऊ नका. खोक्याच्या तळाला भोक आणि खाली दुसरं भांडं. भोक बुजवून ठेवतात ते गाडी घाण होऊ नये म्हणून, आणि मासा त्या रक्ताच्या पाण्यात भिजत जातो.

बांगड्याची हयगय कधीच नको. तो उबेत राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, खाल्ल्यावर तोंड लाल, खाज, डोकं दुखणं. शिजवून ते जात नाही, आणि वासावरून नेहमी कळतही नाही. जाळ्यातून निघाल्यापासून थंड राहिला नसेल तर विकू नका.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ताजा म्हणून बर्फातला जुना माल खपवला की गिऱ्हाईक ऑगस्टमध्ये परत येत नाही. सुकट, बोंबील, सोडे उन्हाळ्यातच नीट वाळवून ठेवले तर तेच दोन महिने विकता येतात.

झाप (दिवेआगर)
न्याहारी-निवासवाल्यांसाठी थोडक्यात. काम करायला येणारा पाहुणा समुद्र दुसऱ्या दिवशी विसरतो, खुर्ची विसरत नाही. टेबल ३० इंच उंच, पाठीला टेकू असलेली खुर्ची, टेबलापाशीच प्लग. पावसात चादरी वाळत नाहीत, तर खाटेमागे तीन जोड हवेत. जेवणाची वेळ त्याच्या मीटिंगा विचारून ठरवा.

धागाकर्ता
गावात एकट्या राहणाऱ्या आईवडिलांचं कोणी लिहील का?

उपकेंद्र (मालवण)
ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी फुकट बोलता येतं. आधी गोळ्यांची पाकिटं समोर मांडून ठेवा. 'ती पांढरी गोळी' ऐकून डॉक्टरला काही कळत नाही. ऑक्सिमीटर बहुतेक घरांत पडलाय. पाच मिनिटं बसा, थंड बोटं चोळून गरम करा, नखाला पॉलिश नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. पहिला दिसलेला आकडा फोनवर कळवला की मुंबईत उगाच धावपळ होते. नीट मोजूनही ९४ च्या खाली येत असेल तर फोनवर थांबू नका, गाडी बोलवा. त्या गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, कारण मोबाइलमधला ऐनवेळी सापडत नाही.

पागोळी (गुहागर)
आणि ऑक्सिमीटरचे सेल काढून ठेवा. वापराविना पडून राहिले की ते आतच पाझरतात.