शब्दचर्चा : कुंडीतला ‘वापसा’

पानफुटी : सक्युलंट, म्हणजे पानांत-खोडांत पाणी साठवणाऱ्या, झाडांच्या निगेचं माहितीपत्रक मराठीत आणायचं काम चालू आहे. एका सूचनेचा अर्थ असा, की कुंडीतलं मिश्रण तळापर्यंत कोरडं झाल्याशिवाय पुन्हा पाणी घालू नये. मी लिहिलं, ‘वापसा आल्यावर पाणी द्या.’ तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘माती सुकल्यावर’ केलं. इतका नेमका शब्द हाताशी असताना तो का टाकायचा? शिवाय शीर्षकात ‘मांसल वनस्पती’ ठेवावं की ‘रसाळ वनस्पती’?

कोरडवाहू : तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. वापसा म्हणजे कोरडी माती नव्हे. जादाचं पाणी उतरलंय, पोकळ्यांत हवा परत आलीय, पण ओल धरून आहे, ती ही अवस्था. मूठ आवळली की मातीचा गोळा होतो, खाली टाकला की फुटतो. पेरणीला हीच वेळ योग्य. पण एचेव्हेरियासारख्या सक्युलंटला दर वेळी याच टप्प्यावर पाणी घातलं तर मुळं कुजतात. आधी खालची पानं पिवळट, पारदर्शक, मऊ पडतात आणि नुसत्या स्पर्शानं गळतात. बुंधा काळा पडला की खालचा भाग गेला. मग कापताना आतून काळा ठिपकाही दिसणार नाही इतक्या वर जाऊन शेंडा कापायचा आणि सुकवून नव्यानं लावायचा.

मूळअक्षर : मुळात ‘वाफसा’ लिहा. हा शब्द ‘वाफे’पासून आलेला वाटतो. पाऊस उघडला, ऊन पडलं, की जमिनीतून वाफ निघते, तो वाफसा.

कोरडवाहू : उच्चार दोन्ही ऐकू येतात. पण नुसत्या नादसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. असं म्हटलं तर कुणी तो ‘वाफ्या’पासूनही आणेल.

घायपात : व्युत्पत्ती काहीही असो, हा शब्द शेताचा आहे आणि कुंडीचा हिशेब वेगळा असतो. शेतात खालची जमीन वरचं पाणी ओढून घेते. कुंडीत ते भोकाशी येऊन थांबतं. मिश्रण बारीक असेल तर तळाचे काही सेंटिमीटर चिंबच राहतात. वर वापसा, तळाशी चिखल. म्हणूनच तळात खडी अंथरण्याचा उपयोग होत नाही. बारीक माती आणि खडी यांच्या सीमेवर पाणी अडतं आणि चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. खडी तळाला न घालता पूर्ण मिश्रणात मिसळायची. 1 भाग पॉटिंग मिक्स (कुंडीसाठीचं तयार मिश्रण), 1 भाग 2 ते 4 मिलिमीटरची जाड रेती, 1 भाग प्युमिस किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र खडे). बारीक वाळू नको, ती पोकळ्या बुजवते. समुद्राची तर मुळीच नको, तिच्यात मीठ असतं.

पानफुटी : मग ‘वापसा’ पूर्ण बाद?

तिसरी_कुंडी : बाद करू नका. बियांपासून उगवलेल्या कोवळ्या रोपांना पाणसाठा नसतो, त्यांना वापसाच लागतो. श्लुम्बर्गेरा हा जंगलातल्या झाडांवर वाढणारा निवडुंग, त्यालाही हलकी ओल हवी. याउलट लिथॉप्सची, म्हणजे दगडासारख्या दिसणाऱ्या सक्युलंटची, जुनी पानं आटून नवी जोडी येत असताना पाणी अजिबात नको. पाणी मिळालं तर जुनी जोडी आटतच नाही. एकाच वाक्यात सगळी सक्युलंटं कोंबली की असाच गोंधळ होणार.

मूळअक्षर : ‘सक्युलंटं’ हे काय? ‘जलसंचयी वनस्पती’ म्हणा. अर्थ उघड, शब्द आपला.

तिसरी_कुंडी : तो कोशात शोभेल. झाडं लावणारे सक्युलंटच म्हणतात आणि मराठीनं त्याचं नपुंसकलिंगी अनेकवचनही करून घेतलंय. इंग्रजी अनेकवचनाचा ‘स्’ लावण्यापेक्षा ते बरं. लॅटिन ‘सुकस’ म्हणजे रस, म्हणून ‘रसाळ’ शब्दाला धरून असेल, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फळ येतं. ‘मांसल’ शास्त्राच्या पुस्तकांत रुळलेला आहे.

कोरडवाहू : ‘मांसल’ पानाचा पोत सांगतो, पाणी साठवण्याचं काम सांगत नाही. पण पाणी द्यायची वेळ त्या पोतावरूनच कळते. पान पातळ आणि सुरकुतलेलं असेल तर तहान. फुगीर आणि मऊ असेल तर पाणी जास्त झालंय. पत्रकात एवढं जरी आलं तरी ‘आठवड्यातून एकदा’सारखी घातक ओळ काढून टाकता येईल.

पानफुटी : आणखी एक अडलंय. मूळ झाडाला येणाऱ्या नव्या रोपांसाठी ‘पिल्लं वेगळी करा’ हे ठीक आहे का?

मूळअक्षर : पिल्लं पक्ष्यांची. झाडाला फुटवे.

घायपात : कोरफडीचे फुटवे नव्हेत, मुनवे. केळीसारखे मातीखालून, आईच्या बुडाशी येतात आणि बहुतेकदा त्यांना स्वतःची मुळं असतात. झाड कुंडीतून काढायचं, माती झाडायची, जोड कापायचा, 1-2 दिवस सावलीत सुकवून लावायचं. एचेव्हेरियाला पानाच्या बेचक्यातून येतो तो फुटवा. त्याला सहसा मुळं नसतात, म्हणून 3 ते 5 दिवस सुकवून कोरड्या मिश्रणावर टेकवायचा. शब्द चुकला की कृती चुकते.

तिसरी_कुंडी : मग पानफुटी नावाच्या झाडाच्या पानांच्या खाचांत येतात ती रोपं ना मुनवे, ना फुटवे. ‘पिल्लं’ सगळ्यांना पुरतं. सगळे तेच म्हणतात.

घायपात : सगळे म्हणतात आणि बिनमुळाचा फुटवा लगेच ओल्या मातीत खोचतात.

पानफुटी : पाण्याची ओळ आता अशी केलीय: ‘लाकडी काडी तळापर्यंत खुपसून 10 मिनिटांनी काढा. कोरडी निघाली तरच भोकातून वाहेपर्यंत पाणी द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका.’ वापसा रोपांच्या भागात ठेवलाय.

मूळअक्षर : ‘वाफसा’.

कोरडवाहू : ओळ चांगली आहे. फक्त मिश्रणात पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर) जास्त असेल तर पूर्ण सुकल्यावर ते पाणी धरत नाही. पाणी कडेनं निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. तिथे कुंडी 20 मिनिटं पाण्यात ठेवून खालून भिजू द्या, असं जोडा.

तिसरी_कुंडी : आणि कापलेल्या भागाबद्दल पत्रकात ‘जखम सुकू द्या’ असेल तर त्याऐवजी ‘खपली धरू द्या’ लिहा. सुकलेला काप बोटाला चिकटत नाही, टणक लागतो.

घायपात : कापल्यावर चीक गळणाऱ्या युफोर्बियासाठी वेगळी ओळ हवी. आधी चीक वाहायचा थांबला पाहिजे. काप पाण्यात बुडवला की थांबतो. हातमोजे घाला, तो चीक डोळ्यात गेला तर इजा होते. त्याला ‘रस’ लिहू नका.

मूळअक्षर : चीक हा रसच की!