माहेरची जमीन आणि आपली सही : सीमाभागातले अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी, आणि हद्दीपलीकडं चंदगड-गडहिंग्लज. माहेर एका राज्यात नि सासर दुसऱ्या, अशी बाई आपल्याकडं गल्लीगणिक सापडते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला लागू झाली. तुमच्या घरात ती पोचली का? वाटा मागितला, सोडला, मिळाला, भांडण झालं, जे झालं ते लिहा. भावांनीही लिहावं. नावं नकोत, तालुका पुरे.

बेळगाव तालुका

आमची दोन एकर भातजमीन. बासमती करायचो, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर-वाटाणा. आप्पांचं वर्षश्राद्ध झालं आणि दादाचा फोन आला, "उताऱ्याचं काम आहे, तिघी येऊन सह्या करून जावा." मला वाटलं वारसा लावायचा असेल. सब-रजिस्ट्रार ऑफिसबाहेर टायपिंगवाल्याच्या टेबलावर कागद तयारच होता, सगळा कन्नडात. कन्नड मला बोलता येतं, बाजारापुरतं. असला कागद वाचायचं म्हटलं तर अक्षरं जुळवता जुळवता संध्याकाळ होईल. थोरल्या अक्कानं पर्समधून चष्मासुद्धा काढला नाही, दाखवलं तिथं सही केली. धाकटी म्हणाली, "काय लिहिलंय ते मराठीत सांगा की." टायपिंगवाला दादाकडं बघायला लागला. मग दादाच म्हणाला, "सोडपत्र आहे. तुमचं काय जातंय? तुमची घरं भरलेली आहेत."

राजीखुशीनं, काही मोबदला न घेता हक्क सोडतो, असं त्यात होतं. मी नि धाकटीनं सही केली नाही. धाडस-बिडस काही नव्हतं ओ. यांचं काम सुटलेलं, लेकीची नर्सिंगची फी तोंडावर. गरज होती.

त्यानंतर भाऊबीज बंद. आई फोनवर हळू आवाजात बोलायची, वहिनी आली की "राँग नंबर" म्हणून ठेवायची. शेवटी मामा मधे पडले. वकिलाच्या हिशोबानं मला सोळा गुंठे येत होते, बारावर मिटलं. वाटणीपत्र रजिस्टर झालं, उताऱ्यावर नाव लागलं. कसतो अजून दादाच. सुगीला तांदळाचं पोतं पाठवतो, मी मोजून बघत नाही.

खानापूर

मी सोडपत्र दिलं आणि मला त्याचं काहीही वाटत नाही. दोन्ही बाळंतपणं भावानं केली, मुलाच्या अॅडमिशनला तोच धावला. सगळं कायद्यानं मोजायचं ठरवलं तर उद्या माहेरी चहा कोण विचारणार?

हुक्केरी

वरच्या ताईंना : तुमचा भाऊ चांगला, मान्य. माझाही होता. तो गेला, आणि आता पुतणे "आत्या, तुझा संबंध काय?" विचारतात. सोडपत्र भावाच्या नावानं होतं, त्याच्या चांगुलपणाच्या नावानं नव्हतं.

निपाणी भाग, भाऊ

दुसरी बाजू ऐका. तंबाखूची जमीन, सोसायटीचं कर्ज माझ्या नावावर, आई माझ्याकडं. बहिणीच्या लग्नात सोनं, भांडी, गाडी, सगळं दिलं. हुंड्याला 1961 पासून बंदी आहे हे मंडपातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आमदारांचे कार्यकर्तेही जेवून गेले. आम्ही तोच तिचा वाटा धरला. आता कळतं की कायद्यात लग्नाचा खर्च वाटा म्हणून धरत नाहीत. बरं, द्यायला ना नाही. पण वाटा घेताना कर्जाचा आकडाही विचारा की.

चंदगड (माहेर बेळगाव तालुका)

लाडकी बहीणचा अर्ज भरताना माझा जन्म कर्नाटकातला निघाला. नवऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला चालला, 1500 सुरू झाले. भाऊ म्हणतो, "तुला महाराष्ट्र देतंय, आईला इकडं गृहलक्ष्मीचे 2000 मिळतात, आता जमीन कशाला?" जमीन आणि हे पैसे एकाच पिशवीतले असल्यासारखं! तलाठ्याकडं जायला कर्नाटकच्या बसमध्ये बसले तर वहिनीला तिकीट फुकट, मला पूर्ण, कारण माझं आधार महाराष्ट्राचं. आधी गंमत वाटायची. फेऱ्या वाढल्यावर वाटेना.

बेळगाव, वकील

कोर्टात रोज हेच बघते, म्हणून थोडं लिहिते. कर्नाटकानं 1994 मध्येच मुलींना वाटा दिला होता, पण 30 जुलै 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळून. एकाच घरात थोरलीला नाही नि धाकटीला आहे, अशी स्थिती. महाराष्ट्रातही त्याच वर्षी जवळपास असंच झालं. 2005 नं लग्नाची अट काढली. मग "वडील 2005 च्या आधी वारले, तुला हक्क नाही" हा वाद चालला. तो सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला मिटवला : मुलीचा हक्क जन्मानं, 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर वाटणी किंवा विक्री झाली असेल तर ती उकरता येत नाही. "आमची तोंडी वाटणी झालेली" एवढं म्हणून सहसा भागत नाही. वडिलांची स्वकष्टाची जमीन असेल तर ते मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात. न करता गेले तर 1956 च्या मूळ कायद्यानंही मुलगी वारस आहेच.

निपाणीच्या दादांचा मुद्दा बरोबर आहे. हक्काबरोबर देणंही मुलाइतकंच येतं, हे कलमातच आहे. बहिणींना हे कोणी सांगत नाही, वकीलही नाहीत.

खानापूर, वय 29

शुक्रवारी मला सहीला बोलावलंय. वडील हयात आहेत, जमीन आजोबांची. "नुसती सही" म्हणतात. काय करू?

बेळगाव, वकील

कागदाचा फोटो आजच मागवा. "तिथं आल्यावर बघ" म्हणाले तर शुक्रवारी जाऊ नका, ताप आला म्हणा. चालू पहाणी उतारा (आपल्याकडचा सातबारा) काढा, आजोबांकडून नाव कसं उतरलं ते त्यावरून शोधायला लागेल. सोडपत्र असेल आणि तुम्हाला खरंच द्यायचं असेल तर द्या, पण वाचून. फसवून घेतलेली सही रद्द करायला ते कळल्यापासून 3 वर्षांत दावा लावावा लागतो, आणि फसवलं हे सिद्ध तुम्हालाच करायचं असतं.

खानापूर, वय 29

फोटो मागितला. अजून निळी टिक नाही.