शिकवणी बंद करा, हे शिकवणाऱ्यानेच सांगायचं का?

उणेअधिक:
अकरा वर्षं डोंबिवलीत घरोघरी जाऊन गणित शिकवतो. आठवीतला एक मुलगा जूनमध्ये घेतला. अवयव पाडताना चिन्हांपाशी अडायचा. गुणाकार १५, बेरीज उणे ८ म्हटलं की ५ आणि ३ लिहून मोकळा; दोन्ही उणे घ्यायचे, हे सुचायचंच नाही. दिवाळीनंतर गाडी रुळावर आली. आता मी नुसता समोर बसतो. तो सोडवतो, ताळाही स्वतःच करतो.

गेल्या महिन्यात त्याच्या आईला म्हटलं, ताई, आता शिकवणी नको, अडलं तर फोन करू दे. त्यांना आधी वाटलं, मला फी वाढवून हवीय! मग चिडल्या. "पुढच्या वर्षी नववी, मग दहावी, आणि तुम्ही आत्ता सोडताय?" माझं चुकलं का?

पाटीपेन्सिल:
चुकलंच. आईबाप दोघं रात्री आठच्या पुढे घरी येणार. पोरगं संध्याकाळी वही उघडतं ते तुम्ही येता म्हणून. तुम्ही गेलात की मोबाइल.

उणेअधिक:
मग ती राखण झाली. राखणीचे पैसे गणिताच्या दराने घेऊ?

पोटापुरता:
घ्या की! मीही शिकवण्याच करतो. परीक्षा संपल्या की जूनपर्यंत खडखडाट, पीएफ नाही, पगारी रजा नाही. वर्षाच्या मध्यात सोडलेल्या मुलाच्या जागी दुसरं मिळत नाही. त्यांना हवंय, तुम्ही देताय, यात फसवणूक कुठे आली?

निवृत्त मास्तर:
फसवणूक मी जवळून पाहिलीय. आमच्या शाळेतले एक सहकारी वर्गात अर्धा धडा शिकवायचे, उरलेला संध्याकाळी स्वतःच्या घरी, पैसे घेऊन. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ ने शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई आहे, म्हणून निदान बोट तरी ठेवता येतं. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या सूचना पन्नासहून जास्त मुलांच्या क्लासेससाठी. तुमच्यासारख्या एकट्याला विचारणारं कोणी नाही. जी काही चाड असेल ती तुमचीच.

पोटापुरता:
मास्तर, पेन्शन घेऊन चाड सांगणं सोपं असतं.

दहावीची आई:
भांडा खुशाल, पण माझं ऐका. मुलीला चार वर्षं एकच सर होते. देवमाणूस, खोटं बोलणार नाही. पण तिला सवय लागली: एक पायरी लिहायची, सरांच्या चेहऱ्याकडे बघायचं, मग पुढची. सराव परीक्षेला वर्गात चेहराच नव्हता. येणारी गणितं अर्धवट सोडून आली. तेव्हा कोणी "आता बास" म्हणालं असतं तर मीही चिडलेच असते, हेही खरं.

उणेअधिक:
काल परत गेलो होतो. या वेळी मुलालाच विचारलं. म्हणाला, "सर, शनिवारी या, पण मी हाक मारेपर्यंत बोलू नका." ताईंनी मान्य केलं, फी पाव.

पाटीपेन्सिल:
पाव? घासाघीस ताईंकडून शिका!