आजीची औषधं, आणि फ्रोझेनंतरची टँजरिन ड्रीम

अप्पाकाका: कुणाला दुखवायचा हेतू नाही. पण काल रात्री ग्रुपवर 'टँजरिन ड्रीमचं नवं' म्हणून जे आलं ते पूर्ण ऐकलं आणि झोप उडाली. त्या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा एडगर फ्रोझे २० जानेवारी २०१५ ला गेला. १९६७ पासून त्या बँडमध्ये कायम राहिलेला तो एकटाच. तो गेला, विषय संपला. आता पाटी तीच, दुकान दुसऱ्याचं.

दादा: काका, मीच टाकलं होतं. ते 'राउम' आहे, त्यांचा २०२२ चा अल्बम. तसं अगदी नवं नाही.

अप्पाकाका: आम्हाला त्यांच्यातला बाउमन बँड सोडून गेला त्या १९७७ नंतरचं सगळं नवंच.

वहिनी: आजींची सकाळची गोळी कुणी दिली का? हा ग्रुप त्यासाठी काढलाय.

नानाकाका: अप्पा, तुझं म्हणणं मान्य. फक्त हा नियम तू दुसऱ्यांना लावतोस तेव्हा जरा आवाज चढतो तुझा, इतकंच.

अप्पाकाका: मी तुझ्या त्या यस बँडचं नावही काढलेलं नाही.

नानाकाका: काढणार होतास.

अप्पाकाका: आता काढतो. १९६८ मध्ये ज्यांनी यस सुरू केला त्यांतला एक तरी माणूस आज त्यात आहे का?

नानाकाका: गिटारवाला स्टीव्ह हाव १९७० मध्ये आला. त्याला पाहुणा म्हणायचं असेल तर म्हण.

मामा: नमस्कार सगळ्यांना. मध्ये बोलतोय, माफ करा. रॉबर्ट फ्रिपने ८ डिसेंबर २०२१ ला टोकियोत आपल्या किंग क्रिमसन बँडचा शेवटचा कार्यक्रम केला आणि थांबला. थांबायचं कधी हे ज्याला कळलं तोच मोठा.

आत्या: गोळी दिली गं मी. पण पाकिटात आता दोनच उरल्यात.

दादा: अप्पाकाका, एक ऐकून घ्या. टॉर्स्टन क्वेश्निंग २००५ मध्ये बँडमध्ये आला. फ्रोझे जाईपर्यंत दहा वर्षं त्याच्या शेजारी उभा राहून वाजवलंय त्याने. होशिको यामाने २०११ पासून आहे. म्हणजे माणसं फ्रोझेनेच निवडलेली. आणि 'राउम' करताना त्यांनी फ्रोझेच्या जुन्या टेपांचा आणि संगणकावरच्या अर्धवट रचनांचा साठा वापरलाय. पार १९७७ पासूनचं त्यात आहे. म्हणजे तुमच्याच काळातलं.

अप्पाकाका: पॉल फ्रिक?

दादा: तो २०२० मध्ये आला. तो नाही निवडलेला.

अप्पाकाका: धन्यवाद.

ताई: मला गंमत वाटते ती तारखांची. फ्रोझे जानेवारी २०१५ मध्ये गेला आणि ख्रिस स्क्वायर त्याच वर्षी जूनमध्ये. यसच्या तोवरच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर स्क्वायरच बेस वाजवतो. म्हणजे दोन्ही घरांचा खांब एकाच वर्षी पडला, आणि दोन्ही घरं अजून उभी आहेत. मग एकाने एका घराला पोकळ म्हणायचं आणि दुसऱ्याने दुसऱ्याला, हे कसं?

नानाकाका: ताई बरोबर बोलली.

अप्पाकाका: ताई बरोबर बोलली, पण तुझ्या बाजूने नाही बोलली.

छोटी: मला एक कळत नाही. यस रॉक ना? आणि टँजरिन ड्रीम इलेक्ट्रॉनिक? मग तुलना कशाला करताय?

अप्पाकाका: बस जरा. सांगतो.
मेलोट्रॉन नावाचं एक वाद्य होतं. दिसायला पेटीसारखं, पण प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत. पट्टी दाबली की फितीवर आधीच भरून ठेवलेली व्हायोलिनं, बासरी किंवा गाणारा वृंद ऐकू यायचा. साधारण ८ सेकंद. मग फीत संपली, बोट उचला, ती मागे जाऊ द्या, पुन्हा दाबा. हेच वाद्य क्रिमसनने १९६९ च्या पहिल्या अल्बमवर वापरलं, यसने वापरलं आणि टँजरिन ड्रीमच्या 'फेड्रा'वर फ्रोझेनेही वापरलं. भिंत एकच होती, दारं दोन.
पण पुढे रस्ते फुटले. रॉकवाल्यांना हातांचा वेग दाखवायचा होता. टँजरिन ड्रीममध्ये क्रिस्टोफर फ्रांके मूग सिंथेसायझरच्या सीक्वेन्सरवर, म्हणजे ठरलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर, आठ-दहा सुरांचं एक चाक फिरत ठेवायचा आणि ते चालू असतानाच एकेक सूर हाताने सरकवायचा. बाकीचे दोघे त्यावर रंग भरायचे. मूग तापला की त्याचे सूर ढळायचे. १९७४ च्या 'फेड्रा'त ते ढळलेले सूर तसेच ऐकू येतात, कुणी पुसले नाहीत. माझ्या मते त्या अल्बमचा सगळा जीव तिथे आहे. यंत्राला ताप आलाय आणि तिघं त्याच्या उशाशी बसलेत.

छोटी: हे भारी आहे काका.

वहिनी: ताप म्हटल्यावर मी घाबरले. आजींना नाही ना?

नानाकाका: अप्पा, छान लिहिलंस. मनापासून. फक्त 'हातांचा वेग' म्हणून रॉकला कोपऱ्यात बसवलंस ते खटकलं. यसचा १९७२ चा 'क्लोज टू द एज' पुन्हा ऐक. १८ मिनिटांत मधोमध सगळं थांबतं आणि चर्चचा ऑर्गन येतो. तो वेग नाही.

अप्पाकाका: आणि त्याच्या पुढच्याच वर्षी दोन तबकड्या, चार गाणी, ८० मिनिटं. तेही योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप वाचून. तळटीप! बरं झालं अख्खं पान नाही वाचलं.

नानाकाका: त्यावर तू काय म्हणशील ते मला १५ वर्षांचा होतो तेव्हापासून पाठ आहे.

अप्पाकाका: यसच्याच रिक वेकमनलाही तेच वाटलं. बँड सोडला त्याने.

नानाकाका: आणि पुन्हा आला. काही माणसं परत येतात. काही वस्तू मात्र येत नाहीत.

अप्पाकाका: कुठली वस्तू?

नानाकाका: काही नाही.

अप्पाकाका: नाना, टँजरिन ड्रीमची 'रुबिकॉन' तबकडी मी तुला कोरी दिली होती. परत आली तेव्हा दुसऱ्या बाजूवर ओरखडा होता. आणि 'रिकोशे' तर आलीच नाही.

नानाकाका: ओरखडा आधीपासून होता. 'रिकोशे' मी आईसमोर दिली तुझ्या हातात. आईला विचारा.

आत्या: आईला काहीही विचारू नका. आत्ताच डोळा लागलाय तिचा.

मामा: पुन्हा सांगतो, राहून जायला नको. फ्रिपने ८ डिसेंबर २०२१ ला टोकियोत शेवटचा कार्यक्रम केला आणि थांबला.

दादा: मामा, तो १९७४ मध्येही थांबला होता. मग १९८१ मध्ये 'डिसिप्लिन' अल्बम आला. १९८४ मध्ये परत थांबला, नव्वदीत परत आला. थांबणं हीच त्याची सवय आहे. आणि २०२४ मध्ये क्रिमसनमधलेच बेल्यू आणि लेव्हिन 'बीट' नावाने तीच ऐंशीतली गाणी घेऊन फिरलेच की.

मामा: पण नाव वेगळं घेतलं ना? माझा मुद्दा तोच.

अप्पाकाका: मामासाहेबांचा हा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. गाणी वाजवा, पाटी बदला.

नानाकाका: आत्ता पटला. तीनदा थांबला तेव्हा पाटी तीच होती, तेव्हा नाही खटकलं.

अप्पाकाका: कारण दर वेळी फ्रिप होता. तुमच्या यसचं काय, २०१७ मध्ये दोन-दोन यस एकाच वेळी फिरत होते. अँडरसन, रेबिन, वेकमन एका गाडीत आणि हाव दुसऱ्या गाडीत. खरा कुठला, तुम्हीच सांगा.

ताई: 'तुझं'चं 'तुमचं' झालं म्हणजे आता पुढचे दोन दिवस शांतता.

नानाकाका: हा संदेश काढून टाकला आहे.

छोटी: नानाकाका काय लिहिलं होतं?

वहिनी: विचारू नकोस.

ताई: विषय बदलते. क्राफ्टवर्क, तोही जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच. श्नायडर २००८ मध्ये बाहेर पडला, २०२० मध्ये गेला. सुरुवातीचा राल्फ ह्यूटर एकटा उरलाय. २००३ नंतर नव्या गाण्यांचा अल्बम नाही. तरी कुणी भांडत नाही, कारण १९७८ मध्येच त्यांनी आपल्या जागी यंत्रमानव उभे करून ठेवले होते. मंचावर कोण उभं आहे हा प्रश्नच त्यांनी आधी निकालात काढला. हुशार लोक.

छोटी: झाँ मिशेल जार त्याहून हुशार. स्वतःच्या नावानेच सगळं. पाटीचं भांडणच नाही.

दादा: अप्पाकाका, एवढं बोलतोय तर एक विचारू? तुम्ही 'राउम' पूर्ण ऐकलं म्हणालात. शेवटचा, त्याच नावाचा तुकडा कसा वाटला?

अप्पाकाका: ऐकला.

दादा: आणि?

अप्पाकाका: तीनदा ऐकला.

नानाकाका: झोप उडाली ती यामुळे होय.

अप्पाकाका: मी चांगला नाही असं कुठे म्हणालो? ती टँजरिन ड्रीम नाही असं म्हणालो. वाचत जा नीट.

मामा: थांबायचं कधी हे ज्याला कळलं तोच मोठा.

आत्या: आई उठली. विचारतेय कोण भांडतंय. मी सांगितलं अप्पा आणि नाना. म्हणाली, ती काळी तबकडी ना, ती माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, दोघं भांडत होते म्हणून मीच ठेवून दिली होती.

नानाकाका: कुठली? आवरणावर काय आहे?

आत्या: मला नाही वाचता येत ते, चष्मा नाहीये. 'र'ने सुरू होतं.

अप्पाकाका: 'रुबिकॉन' माझ्याकडे आहे. ती 'रिकोशे'च.

नानाकाका: सांगितलं होतं.

अप्पाकाका: तू माझ्या हातात दिली म्हणालास. आईच्या हातात दिली असं नाही म्हणालास.

(वहिनींनी ग्रुपचं नाव बदलून 'आजींची औषधं (यस आणि क्रिमसन नको)' असं केलं)

वहिनी: गोळ्यांचं नवं पाकीट संध्याकाळी कोण आणतंय? फक्त एवढंच उत्तर द्या.

अप्पाकाका: मी आणतो. कपाटही बघायचंय. कंसात टँजरिन ड्रीमचं नाव नाही, म्हणजे ती चालेल ना?